खिळा असेल तर सांगा

तुळशीराम तापाने गेला. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण गावात, अर्जुनीच्या बाजारात आणि गेल्या आठवड्यात तर चक्क आमच्या ऑफिसच्या दारात उभे राहून लोक भलतेच सांगत होते. आऱ्याने खाल्ला म्हणतात. पाच वर्षांपूर्वी जे सुटले होते, ते शेवटी त्याला घेऊन गेले म्हणतात. या पुरवणीच्या संपादकांनी मला 'मित्राविषयी चार हळुवार शब्द' लिहायला सांगितले. मी बसलो, लिहिले, फाडले. पुन्हा बसलो, पुन्हा फाडले. हळुवार शब्द माझ्याजवळ शिल्लक नाहीत, तेव्हा आहेत तेच लिहितो. गावाचे नाव मात्र मुद्दाम लिहीत नाही. आपले नाव छापून आले म्हणून तिथल्या लोकांना उगाच आनंद व्हायचा.

मी गोंदियाला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून आहे. भाद्रपदातल्या त्या दुपारी चांद्याकडून येणारी छोटी गाडी उशिरा आली. मी पार्सलांवर चिठ्ठ्या डकवत होतो, तेवढ्यात हमाल धावत आला. "बाबूजी, आपके गांव की कोई बाई है, आपको बुला रही है." जाऊन पाहतो तो डब्याच्या दारात तुळशीरामची बायको, आमच्या वहिनी, आणि त्यांच्या मांडीवर डोके टाकून तो. अंग तव्यासारखे तापलेले. आम्ही त्याला उचलून फलाटावरच्या बाकावर निजवले. वहिनींच्या दोन्ही तळहातांवर कासऱ्याचे लाल वळ उठले होते. म्हणजे गावापासून अर्जुनीच्या स्टेशनापर्यंत, भर चिखलातून, बैलबंडी त्यांनी एकटीने हाकत आणली होती. मी विचारले, गडी कुठे आहे? त्याचा चुलत भाऊ श्रावण कुठे आहे? त्यांनी पदर ओला करून त्याच्या कपाळावर ठेवला. तुळशीरामने आपला उरलेला एक डोळा उघडला, माझ्याकडे पाहिले की नाही कोण जाणे, पण हात खाली सोडून बोटाच्या पेराने बाकाची फळी ठोकली. टक, टक. मग जरा सरकवून पुन्हा टक… तो ऐकत होता. तो शुद्धीत असतानाची आमची शेवटची भेट ती. दुसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळात तो गेला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारले, आधी का नाही आणले? 

आम्ही एकाच गावचे, एकाच आळीतले. चौथीनंतर दोघांनाही शिकायला गोंदियाला ठेवले. तुळशीराम मोठ्या धानशेतीच्या घरातला, एकुलता एक. आम्ही गोंदियात असतानाच त्याची आई गेली. बोडीवर, म्हणजे आमच्या गावच्या छोट्या तळ्यावर, धुणे धुताना पाय घसरला आणि ती बुडाली. निरोप पोचून तो घरी जाईपर्यंत सगळे आटोपले होते. परत आला तेव्हा महिनाभर माझ्याशीसुद्धा बोलला नाही. बोलायला लागला तो लाकडाबद्दल. आमच्या बोर्डिंगमागे लाकडाचा मोठा डेपो होता आणि तिथे एक आरा होता. दोघांनी वरून-खालून ओढायची करवत नव्हे. लोखंडी मेज, मेजाला मधोमध फट, आणि त्या फटीतून अर्धे वर आलेले गोल दातेरी पाते. फळी मेजावरून नुसती पुढे सरकवायची की सरळ रेघेत चिरून दोन तुकडे. शाळा सुटली की हा तिथे कुंपणाला नाक लावून उभा. मी कंटाळून ओढायचो तेव्हा म्हणायचा, "थांब ना रे, पाहून राहिलो ना मी."

पुढे वडील वारले, त्याने शेती सांभाळली, लग्न झाले, मी रेल्वेत लागलो. पण आरा काही त्याच्या डोक्यातून गेला नाही. घरच्या गुरांच्या कोठ्याची अर्धी बाजू रिकामी करून त्याने तिथे रंधे, पटाश्या, शिकंजे जमवले होते. जातीचा सुतार नाही, पोटासाठी गरज नाही. गावातले लोक म्हणत, पाटलाच्या पोराले भलतंच खूळ. स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांनी, लढाईतले मिलिटरीचे सामान जबलपूरला लिलावात निघाले आहे असे माझ्या कानावर आले, आणि मीच त्याला कळवले. तो तडक गेला, आणि नंतर एक दिवस माझ्याच पार्सल ऑफिसात फळ्यांच्या पेटाऱ्यात घातलेले ते मेज येऊन पडले. चार हमालांना उचलेना. "बाबूजी, इसमें तोप है क्या?" एकाने विचारले. तुळशीराम पेटाऱ्याभोवती नव्या नवरदेवासारखा फिरत होता, मधूनच फटीतून बोट घालून लोखंडाला लावून पाहत होता. त्या दिवशी त्याने मला दोनदा चहा पाजला आणि दोन्ही वेळा स्वतःचा प्यायचा विसरला.

तो आरा बसवायला मी रजा काढून गावी गेलो होतो. आयुष्यातले इतके चांगले दिवस मला फारसे आठवत नाहीत, आणि म्हणूनच आज त्यांची आठवण आली की कपाळाची शीर उडते. मेज समपातळीत बसले नाही तर पाते अडकते, थरथरते, हे त्याला डेपोतल्या मिस्त्रीने सांगितले होते. पातळी पाहण्याचे नळीचे यंत्र काही त्याच्याजवळ नव्हते. त्याने घरातली पितळी परात आणली, मेजावर ठेवली आणि तिच्यात काठोकाठ पाणी ओतले. धानाच्या बांधीत पाणी सगळीकडे सारखे उभे राहिले की नाही हे पाहण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला वेगळे यंत्र कशाला? पाणी ज्या काठावरून सांडे, त्याच बाजूच्या पायाखाली पाचर, पुन्हा पाणी, पुन्हा पाचर… वहिनी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "यायनं मेजावर धानाचा रोवनाच लावला आता." तो हसला नाही, इतका तो कामात बुडाला होता.

इंजिन एका बंद पडलेल्या भातगिरणीतले, तेलावर चालणारे. ते बसवायला गोंदियाहून एक म्हातारे उस्ताद आले होते. त्यांनी येताना आमच्या अर्जुनीकडच्या प्रतापगडाच्या दर्ग्यावरून हिरवा धागा आणून इंजिनाला बांधला, वहिनींनी वरून कुंकू लावले, आणि इंजिन सुरू झाले. पाते मात्र फिरले उलटे. लाकूड दातांना लावताच ते चिरण्याऐवजी पुढे भिरकावले जायला लागले. उस्ताद म्हणाले, "पट्टा आठ का आंकड़ा बना के डालो, सीधा घूमेगा." आणि ते जेवायला गेले. तुळशीराम जमिनीवर खडूने आठाचा आकडा काढून तासभर त्याच्याकडे पाहत बसला. आठाच्या आकड्यात पट्ट्याने गुंतायला आहेच काय? नुसती एक वळलेली रेघ! उस्ताद परत आले, कपाळाला हात लावला आणि त्यांनी रेल्वेच्या कारखान्यात शिकलेला इंग्रजी आठ काढून दाखवला. तुळशीराम ओरडला, "अवो, हा तं आमचा चार होय!" पट्ट्याला मध्ये पीळ देऊन घातला आणि पाते सुलटे फिरले. त्यानंतर कितीतरी दिवस त्या घरात कोणाला आठ वाजता बोलावले की 'आमचे आठ की उस्तादचे?' असे विचारायची पद्धत होती.

पुढची चार वर्षे त्या गावाने तुळशीरामला नुसते वापरून घेतले. वापरून घेतले हाच शब्द मला लिहायचा आहे. शाळेचे बाक त्याच्या आऱ्यावर चिरले. दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावजत्रेत, नाटक झाले की रंगमंचाच्या फळ्या त्याच्याकडून. ज्याला ज्याला घर बांधायचे त्याची चौकट, दार, खाटेचे गाते, बंडीची साटी, सगळे तिथे. तान्ह्या पोळ्याला गावातल्या पोरांच्या दोरीला बांधलेले लाकडी बैल बहुतेक त्याच्याच हातचे असत; चाके त्या आऱ्यावरच कापलेली. तो मोबदला मागायचा तो लाकडाच्या भुशाचा. वहिनी चुलीत तो घालत. दसऱ्याला आऱ्याला झेंडूचे तोरण बांधले की अर्धे गाव प्रसादाला यायचे, आणि त्या प्रसादाला कोणाला भूतबीत आठवत नसे.

आता खिळ्याबद्दल सांगितले पाहिजे. आमच्याकडे बोलताना ळ चा र होतो, म्हणून गावात खिळ्याला खिरा म्हणतात. कोणी अपघाती मेले, बाळंतपणात गेले, बुडाले, आणि त्यानंतर घरात आजारपण आले, गाय आटली, पोर दचकायला लागले, तर पुजाऱ्याला बोलवायचे. तो मंतरलेला लोखंडी खिळा झाडाच्या खोडात ठोकतो आणि त्या मेलेल्याला तिथे खिळून टाकतो. इथवर मला काही म्हणायचे नाही. ज्याचा त्याचा समज, ज्याचे त्याचे भय. पण त्याला एक नियम आहे. कोणाला खिळले आणि कुठे खिळले, हे तोंडाने बोलायचे नाही. बोलले की ते सुटते. सगळ्यांना माहीत असते, कोणी बोलत नाही. झाड आपले वाढत राहते, साल खिळ्यावर चढते, काही वर्षांनी खिळा पोटात गडप होतो आणि वरून काही दिसत नाही. हजार वर्षे असे चालले असेल आणि कोणाचे काही बिघडले नसेल, कारण दोघांनी ओढायच्या करवतीला खिळा लागला तर फार तर करवतीचा दात जातो. इंजिनावर गरगर फिरणाऱ्या पात्याची गोष्ट वेगळी, हे कळायला फार शिकावे लागत नाही. पण कळले तरी बोलायचे नाही!

बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, एक थोराड कडुनिंब होता. वैशाखातल्या वादळात तो उन्मळला. जमीन तुळशीरामच्या चुलत भावाची, श्रावणची. श्रावणला घराची नवी चौकट हवी होती. त्याने खोड तोडले, कुऱ्हाडीने चौरस केले आणि बंडीत घालून आऱ्यावर आणले. त्या बंडीमागे गावातले पाच-सात जण आले होते, हे वहिनींनी मला नंतर सांगितले. एरवी आरा चालू झाला की लोक मेजाभोवती गर्दी करत; त्या दिवशी सगळे अंगणात लांब उभे राहिले. वहिनींना तेव्हाच नवल वाटले होते. श्रावणसुद्धा ओंडका मेजावर चढवून देऊन मागे सरला. तुळशीराम एकटाच पुढे वाकून लाकूड सरकवत होता. पहिली फळी निघाली. दुसरी निघत असताना पात्यातून किंचाळल्यासारखा आवाज आला, ठिणगी उडाली, आणि खिळ्याचा तुटलेला तुकडा त्याच्या उजव्या डोळ्यात गेला.

गोंदियाच्या इस्पितळात डोळा काढावा लागला. मी रात्रंदिवस तिथे होतो. श्रावण आला तो व्हरांड्यात खांबाला टेकून बसला, आत जाईना. त्याचा चेहरा पाहूनच माझ्या मनात आले की याला काहीतरी ठाऊक आहे. मी त्याच्यासमोर बसलो. शहरात इतकी वर्षे काढूनही रागात माझ्या तोंडून गावचीच भाषा निघते.

"तुले माहीत होतं?"

"सगऱ्यायलेच माहीत होतं."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"सांगितलं तं सुटते ना ते, भाऊ. आन मले वाटलं खिरा खाली बुडात राहिला."

"कोन सुटते?"

तो बोटाने फरशीवर काहीतरी गिरवत होता. मग अगदी हळू म्हणाला, "…काकू."

श्रावणची काकू म्हणजे तुळशीरामची आई. बोडीत बुडालेली. आम्ही दोघे गोंदियात आकडेमोड करत होतो तेव्हा इकडे त्या बाईला गावाने निंबाच्या खोडात खिळून टाकले होते. घरात तिच्या नवऱ्याला ताप येऊ लागला म्हणून. आणि सगळे गाव, त्याचा बापसुद्धा, पुढची सारी वर्षे तोंड शिवून बसले. फक्त तिच्या मुलाला माहीत नव्हते. मी त्या व्हरांड्यात श्रावणची गचांडी धरली. नर्सने येऊन सोडवले. सोडवले नसते तर बरे झाले असते असे मला आजही वाटते, आणि हे लिहिताना मला लाज वाटत नाही.

तुळशीरामला मीच सांगितले. पट्टी बांधलेली होती, दुसरा डोळा छताकडे.  मला वाटले आता हा उठेल, शिव्या देईल, गावाला आग लावीन म्हणेल. तो म्हणाला, "त्याच निंबाच्या सावलीत मी रोज शिदोरी खात होतो रे… आन कोनी मले एका सबदानं नाई सांगितलं." आणि थोड्या वेळाने, "म्हंजे आई तिथंच होती." बस, एवढेच. तो रागावला नाही. पुढेही कधी रागावला नाही. त्याच्या वाटणीचा सगळा राग तेव्हापासून मीच वागवतो आहे, आणि त्याबद्दल मी त्याच्यावरही रागावलेला आहे. माणसाने इतके शांत राहू नये. शांत माणसाच्या अंगणात लोक खुशाल काहीही आणून टाकतात.

बरा होऊन गावी गेल्यावर त्याने ओंडक्यात उरलेला खिळ्याचा अर्धा भाग पकडीने उपसला, बोडीवर गेला आणि आई जिथे बुडाली तिथे पाण्यात सोडून दिला. "आता मोकरी झाली," म्हणाला. झाले! गावाला तेवढेच पाहिजे होते. खिळा निघाला, पाण्यात टाकला, आता ती सुटली. आणि सुटून गेली कुठे, तर आऱ्यात. मुलाचा डोळा घेतला, आता मुलाला घेणार. त्याने नवे पाते आणले, पुन्हा परातीत पाणी ओतून मेज तपासले, इंजिन सुरू केले. लाकूड घेऊन कोणी आले नाही. ज्यांची दारे त्या आऱ्यावरची, ते ती दारे लावून घरात बसले. लोक वीस मैलांवरून चिरलेल्या फळ्या आणायला लागले, पण त्याच्या अंगणात पाय ठेवीनात. त्या वर्षीच्या तान्ह्या पोळ्याला मी गावी होतो. पोरांच्या रांगेत त्याच्या हातचा एकही बैल नव्हता. आयांनी चुलीत घातले म्हणे. तो ओसरीवर बसून रांग पाहत होता आणि मला म्हणत होता, "तो पाय, तो तिसरा, चाक वाकडं बसलं त्याचं."

त्याचे मागणे काय होते? खिळे ठोकू नका, असे त्याने कधीच म्हटले नाही. मी म्हणत होतो, पोलिसात जा, पुजाऱ्यावर फिर्याद कर, पेपरात लिही. तो नाही म्हणायचा. "खिरे काई बंद होनार नाईत रे. तू गोंद्याचा झाला, तुले हे नाई समजाचं. मी काय म्हनतो, ठोका. नाव नका सांगू. फक्त खिऱ्याभोवती चुन्याचं गोल ओढा आन साल चढली का पुन्हा ओढा. कोनाचा तरी डोरा वाचल." पंचायतीत हे त्याने उभे राहून सांगितले. नाव नको, मंत्र नको, फक्त चुना! मागून कोणीतरी बोलले, "तुरशीराम गावाले चुना लावाले निंगाला," आणि सभा हसून हसून लोळली. त्या हसणाऱ्यांत पोरांचे मास्तर होते, सरपंच होते, त्याने चिरलेल्या बाकावर बसलेले लोक होते. दरम्यान आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, कचेरीच्या पाट्या बदलल्या. चुन्याचे गोल मात्र एकाही झाडावर उमटले नाही.

तेव्हापासून त्याला ती ठोकण्याची सवय लागली. कुठलेही लाकूड दिसो, बोटाच्या पेराने किंवा लहान हातोडीने ठोकायचे, कान लावायचा, जरा सरकवून पुन्हा ठोकायचे. माझ्या ऑफिसात आला की आधी टेबल ठोकायचा आणि मग बसायचा. "खिरा असन तं सांगा बावा," असे टेबलालाच म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. रविवारी मात्र न चुकता इंजिन लावून आरा थोडा वेळ रिकामा फिरवायचा. नुसताच. लाकूड नाही, गिऱ्हाईक नाही. मी विचारले कायले, तर म्हणाला, "गंज चढते." तो आवाज ऐकला की गावातल्या बाया पोरांना आत घेत, असे वहिनींनी मला सांगितले. हेही त्याला माहीत होते, तरी तो लावायचा. आता वाटते, तेवढा एक राग त्याच्यात होता.

या भाद्रपदात ताप आला. साधा हिवताप असेल. आमच्या भागात पावसाळ्यात कोणाला येत नाही? पण तुळशीरामला आला म्हटल्यावर गावाने ठरवूनच टाकले की ती त्याला न्यायला आली. गडी काम सोडून पळाला. वहिनी दारोदार गेल्या. घरची बंडी होती, बैल होते, फक्त हाकायला माणूस हवा होता आणि बाजूने त्याला धरून बसायला एक. श्रावणच्या दारात गेल्या तेव्हा त्याच्या बायकोने आतून सांगितले, घरी नाहीत. त्याचे जोडे ओसरीवर होते. दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी वहिनींनी स्वतः बैल जुंपले. बाकीचे मी वर लिहिलेच आहे. तापाने माणूस मेला हे खरे. पण त्या तापाला दोन दिवस कोणी दिले, हे ज्याला विचारायचे त्याने त्या गावात जाऊन विचारावे. तेरवीला सगळे आले. पंगतीत बसून वाढून घेतले, 'लई हुन्नरी मानूस होता' म्हणाले. श्रावण वाढायला होता. मी ताटावरून उठलो.

परवा पुन्हा गेलो होतो. हलक्या धानाची कापणी सुरू झाली आहे. वहिनी अंगणात सूप घेऊन बसल्या होत्या. मी कोठ्याकडे वळलो. दाराला कुलूप नव्हते. आरा तसाच, त्यावर पोते झाकलेले. पट्टा उस्तादच्या आठासारखा पीळ घेऊन लोंबत होता. आत जाताना सवयीने नव्हे, पण त्याची आठवण म्हणून मी चौकट पेराने ठोकली. बिजाच्या लाकडाची चौकट, त्याने स्वतः चिरलेली. ठोकता ठोकता हात एका जागी थांबला. डोळ्याच्या उंचीवर लाकडात एक नवाकोरा खिळा होता. डोक्यापर्यंत ठोकलेला.

 यांनी त्यालाही खिळला! आईला झाडात, मुलाला स्वतःच्या दारात. मी आत जाऊन भिंतीवरची त्याचीच पकड घेतली आणि खिळ्याचे डोके धरायला गेलो.

"भाऊजी, तो नोका काढू," वहिनी मागून म्हणाल्या. सूप हातातच होते.

"कोणी ठोकला, वहिनी? श्रावणने? पुजाऱ्याने?"

"मीनं."

मी पकड खाली केली.

"ते लोकं ठोकाचेच होते," त्या म्हणाल्या. "पुजाऱ्याकडं बसून बोलून राहिले होते, मले समजलं. मंग कोनत्या झाडात ठोकतीन, कोनत्या पारीवर ठोकतीन, आपल्याले कोन सांगते? सासूबाईचं नाई सांगितलं. म्हून मीनंच ठोकला आन पुजाऱ्याले जाऊन सांगून आली, का यायले खिरलं म्हून, घरी. आता कोनी यायले दुसरीकडं नाई नेऊ शकत." कोठ्याच्या आत पाहत त्या म्हणाल्या, "रायतीन इथंच. आऱ्यापाशी."

 मी पुन्हा खिळ्याकडे पाहिले, आणि मघाशी रागात जे दिसले नव्हते ते दिसले. खिळ्याभोवती बोटाने ओढलेले पांढरे गोल होते. चुना वाळून कडा सुटल्या होत्या, त्यावरून दुसरा ताजा हात दिलेला होता.

"उद्या मी नसन," वहिनी सूप सावरत म्हणाल्या, "आन ही चौकट कोनी चिराले नेली तं त्याले दिसला पायजे ना."

पकड मी तिच्या जागी लटकवून ठेवली. माझा राग गेलेला नाही, आणि जावा अशी माझी इच्छाही नाही. येताना बोडीच्या पाळीवरून, आंबराईतून, देवळामागून सगळी झाडे पाहत पाहत स्टेशनापर्यंत आलो. साऱ्या गावात चुन्याचे गोल असलेला तो एकच खिळा आहे.